सांभाळून घ्या

मामा गाण्याचे बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे तुकडे, मोजतो तो बोटांच्या पेरांवर. एका बोटाची तीन पेरं आणि वरचं टोक, म्हणजे चार. चार बोटांचे सोळा. उजवा हात संपला की डावा, दोन्ही मिळून बत्तीस. लहानपणी मला वाटायचं, तो जप करतो. आजीही वाण्याचा हिशेब असाच पेरांवर करायची, पण तिचे ओठ हलायचे. मामाचे हलत नाहीत. रेडिओवर गाणं लागलं की पेपरच्या कडेला त्याचा अंगठा तेवढा फिरताना दिसायचा आणि गाणं संपल्यावर तो पेपरलाच सांगितल्यासारखं म्हणायचा, "दुसऱ्या म्युझिकला दोन बार जास्त घेतलेत."

मामा कॉपिस्ट होता. म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. सिनेमाच्या एकेका गाण्याला पन्नास-साठ वादक बसायचे, तेव्हा अरेंजर एक मोठं पान लिहायचा. सगळी वाद्यं एकाखाली एक. त्या पानावरून पहिल्या व्हायोलिनचा पार्ट वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, व्हायोला, चेलो, बासरी, ट्रम्पेट असं प्रत्येकाचं सुटं पान उतरवून द्यायचं, हे कॉपिस्टचं काम. झेरॉक्सनं भागणारं नव्हे, कारण ट्रम्पेटला सगळं एक सूर वर चढवून लिहावं लागतं, ऑल्टो सॅक्सोफोनला आणखी निराळं, आणि व्हायोलावाल्यांची तर चावीच, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूणच, वेगळी. रात्री अकराला स्कोअर, म्हणजे ते मोठं पान, हातात यायचा. सकाळी नऊच्या शिफ्टला ताडदेवच्या फेमस किंवा फिल्म सेंटर स्टुडिओत पार्ट स्टँडवर लागलेले हवेत. मामा दिवसा एका इंजिनिअरिंग कंपनीत ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, होता, त्यामुळे हात पक्का, रेघ सरळ. नोटेशन तो शिकला धोबीतलावला, जेर महालातल्या एका कुडात. कूड म्हणजे गोव्याच्या गावागावांनी मुंबईत चालवलेल्या खोल्या. गावचा माणूस नोकरीला आला की त्याची पेटी आणि वळकटी तिथे पडायची. तिथल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याकडे मामा गिरगावातून चालत जायचा, आणि फी म्हणून त्याची पत्रं लिहून द्यायचा.

मामाचं म्हणणं असं, की सूर काय कोणीही उतरवील, कॉपिस्टची अक्कल दिसते ती पान कुठे संपवतो त्यात. व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड वापरतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूला बसलेला गज खाली घेतो आणि उलटतो. तेवढा वेळ निम्मी व्हायोलिनं गप्प. म्हणून पान अशा जागी संपायला हवं, जिथे पुढे दोन बार तरी विश्रांती आहे. त्यासाठी मामा नोटांमधली अंतरं कमीजास्त करायचा, कधी शेवटची ओळ कोरी सोडायचा. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे 'लगेच उलटा' अशा अर्थाची व्ही. एस. ही दोन इटालियन आद्याक्षरं लिहायचा रिवाज आहे, तिथे हा बारीक देवनागरीत लिहायचा, 'पलट'. स्टुडिओत त्याचं नावच पलट पडलं. गाणं रेकॉर्ड झालं की ती पानं फरशीवर. दुपारी झाडूवाला गोळा करून न्यायच्या आत मामा जमेल तेवढी उचलून आणायचा, आणि आमच्या घरी पाठकोऱ्या कागदांना कधी तोटा नव्हता. मी पाढे लिहिले ते ट्रॉम्बोनच्या पार्टांमागे. सतराचा पाढा आणि मागच्या बाजूनं उमटलेले काळे ठिपके, ही माझी पाश्चात्त्य संगीताशी पहिली ओळख.

त्यापुढे ती फारशी गेली नाही, हेही सांगून टाकते. जॅझ म्हटलं की माझ्यासाठी कॉफीच्या दुकानात मागे काहीतरी चाललेलं असतं ते. कोणीतरी सॅक्सोफोनमधून जांभया देतंय आणि आपल्या कपाच्या किमतीत त्याचेही पैसे लावलेत, असं काहीसं. त्यामुळे ऑफिसमधल्या मैत्रिणीनं आयत्या वेळी दोन पास हातात ठेवले, "जॅझ आहे गं, सगळे जुने स्टुडिओवाले आहेत," तेव्हा मला जॅझनं नाही, 'स्टुडिओवाले' या शब्दानं खेचलं. मामाला फोन केला. तो आता डोंबिवलीला असतो, ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि संध्याकाळी साडेसातनंतर जेवत नाही.

"किती जण आहेत?" त्यानं विचारलं.

"चार."

"चारच? मग कॉपी कशाला लागणार," असं म्हणून फोन ठेवला आणि पावणेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून सीएसएमटीच्या इंडिकेटरखाली हजर.

काळा घोड्यापर्यंत टॅक्सी केली. ऱ्हिदम हाऊसच्या बंद दारासमोर त्यानं टॅक्सी हळू करायला लावली. ते दुकान २०१६ साली बंद झालं, त्याआधी कितीतरी वर्षं तो पगाराच्या दिवशी तिथे जाऊन बूथमध्ये उभा राहून रेकॉर्डी ऐकायचा आणि न घेता परत यायचा. "दुकानदार काही बोलायचे नाहीत?" मी विचारलं. "बोलायचे ना. पुढच्या महिन्यात या म्हणायचे."

हॉल म्हणजे जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. ऐंशी-एक खुर्च्या, मागे पेयांचं टेबल, आणि एसी असा, की मामानं मे महिन्यात पिशवीतून मफलर काढला. स्टेज वीतभर उंचीचं. पियानो, उभा मोठा बेस, ड्रम्स आणि एका स्टँडवर टेकवलेला सॅक्सोफोन. चौघे आले आणि कोणी काही न बोलता आपापल्या जागी गेले. सगळ्यांत तरुण बेसवाला, तोही पन्नाशीचा. सॅक्सोफोनवाले पंचाहत्तरच्या घरातले, पांढरा बुशशर्ट, खिशात चष्म्याचं घर. पियानोवाल्यांची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. ड्रमवाले बसण्याआधी स्टूल तीनदा वरखाली करून पाहत होते, हार्मोनियमवाला भाता तपासतो तसं.

"पार्ट कुठायत?" मामा कुजबुजला.

नव्हतेच. सॅक्सोफोनपुढे काही नाही, बेसपुढे काही नाही. पियानोवर तेवढा एक टॅब्लेट उभा होता.

पहिली चीज सुरू झाली आणि मामाचा अंगठा निघाला. मीही मोजायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या बोटावर हरवले. तेव्हा त्यानं माझ्या कानाशी येऊन जे सांगितलं ते मी इथे देते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आठ बारांची एक चाल. तीच आठ बार परत. मग आठ बार वेगळं वळण, ज्याला हे लोक ब्रिज म्हणतात. मग पुन्हा पहिले आठ. आपल्या हिशेबानं मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. बत्तीस बार, म्हणजे मामाचे दोन हात. सगळ्यांनी मिळून चाल एकदा सरळ वाजवायची, आणि मग चाल उचलून बाजूला ठेवायची. खालचा बत्तीस बारांचा सांगाडा तेवढा फिरत राहतो आणि एकेक जण त्याच्यावर आपलं काय ते बांधतो.

आवर्तनच की मग, असं मला वाटलं, आणि कुठल्याही मराठी माणसाला वाटेल. पण त्यात एक गोम आहे. आपल्या बैठकीत तानपुरा एका जागी बसलेला असतो. गवई कुठेही भटकला तरी षड्ज घरीच असतो, दार उघडं ठेवून. इथे पियानो आणि बेस मिळून दर एक-दोन बारांनी खालची जमीनच बदलत नेतात. या बारात गोड लागलेला सूर पुढच्या बारात परका. लोकलमध्ये भजन म्हणणारी मंडळी असतात ना, त्यांना भायखळा कधी आलं, कुर्ला कधी आलं हे न बघता ठाऊक असतं, आणि गर्दीचा लोंढा आत यायच्या आधी टाळवाला कोपर आत घेतो. तसं हे गाणं चालत्या गाडीतलं आहे. कुठलं स्टेशन आलंय हे चौघांनाही एकाच वेळी ठाऊक असायला लागतं, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं.

सॅक्सोफोनवाले फार कमी वाजवतात हे मला तिसऱ्या चिजेत लक्षात आलं. दोन-तीन सूर घेऊन थांबायचे. थांबले की मागून पियानोचा एक छोटा टिचका यायचा, 'मग?' म्हटल्यासारखा. ड्रमवाल्यांनी काठ्या ठेवून तारेचे ब्रश घेतले आणि सुपात तांदूळ पाखडतात ना, तसा आवाज सुरू झाला. अगदी तसाच, वर उडवणं, झेलणं आणि मध्येच एक झटका देऊन कोंडा पुढे लोटणं. माझी आजी दुपारी असंच पाखडायची. त्या आवाजात मी पाच मिनिटं तरी जॅझ ऐकत नव्हते, हे कबूल करते.

मामा मधल्या टाळ्यांवर नाराज होता. प्रत्येकाची पाळी संपली की लोक टाळ्या वाजवत आणि पुढच्याचे पहिले दोन बार त्यात बुडत. "रेकॉर्डिंगला कोणी हूं केलं तरी टेक जायचा," तो म्हणाला. मला मागच्या टेबलावरच्या बर्फाच्या खडखडाटाचा जास्त राग येत होता.

एक मात्र तिथे बसल्याबसल्या नीट उलगडलं. हे लोक स्टुडिओतून जॅझकडे आलेत, असं मी समजत होते. मुंबईत गोष्ट उलटी घडलेली आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. त्यांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याची मुलं ही विद्या शिकली. चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ, म्हणजे नोटेशन पाहून सूर म्हणणं, घोटलेलं होतंच. पुढे दारूबंदी आली, नाचाच्या हॉलांची रया गेली, आणि दुसरीकडे सिनेमाला मोठमोठे वाद्यवृंद हवे होते. मग हॉटेलातले हात स्टुडिओत आले. आल्डोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, ते पुणतांब्याच्या आपल्या रामचंद्र नरहर चितळकरांबरोबर काम करू लागले. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्यात नेमकी कुठली भाषा चालत असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात त्यामागे चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे गिरणगावातल्या मराठी माणसाच्या पायाला जॅझ कधीच लागलेलं होतं, फक्त त्याला कोणी ते नाव सांगितलं नव्हतं.

पण स्टुडिओत यांच्या हातात पान आलं. चर्चगेटच्या हॉटेलांत रात्री मनाचं वाजवायचं आणि सकाळी ताडदेवला जाऊन समोर लिहिलं असेल तेवढंच, तितकंच, ठरलेल्या जागी. मामानं लिहिलेलं. साठातला एक जण. पडद्यावर नाव नाही, रेकॉर्डवर नाव नाही. एखाद्याच्या वाट्याला अख्ख्या गाण्यात चार बार यायचे आणि त्यासाठी तो सकाळी नऊ ते दुपारी एक रीड ओली ठेवून बसायचा. पुढे सिंथेसायझर आले, ट्रॅकवर एकेकाला बोलावून वाजवून घेता येऊ लागलं, आणि साठांची गरज संपली. मामाचीही.

१९७८ साली रंगभवनला जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला, अमेरिकन सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स आला होता, तेव्हा मामा गेला होता का, असं मी मध्यंतरात विचारलं. गेला होता, पण बाहेर. रंगभवन उघड्यावरचं, भिंतीपलीकडे रस्त्यावर उभं राहिलं तरी सगळं ऐकू यायचं.

"कसा होता सनी रॉलिन्स?"

"मोजला," मामा म्हणाला. "बरोबर होता."

मध्यंतरात आम्ही चहाच्या शोधात स्टेजजवळ गेलो. तिथे चहा नव्हता, पण सॅक्सोफोनवाले होते. खिशातल्या घरातून काढलेला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी मामाकडे पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

"पलट?"

मामानं नुसती मान हलवली. दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांचे दंड धरले आणि काही वेळ हिंदी, कोंकणी, मराठी अशी भेसळ ऐकू येत राहिली. कोण गेलं, कोण कॅनडाला मुलाकडे आहे, कोणाचे दात गेले आणि त्याबरोबर ट्रम्पेटही गेला. मग मामाच्या डोक्यात घोळत असलेला प्रश्न बाहेर आला. "हे पान कोण उलटतं?" त्यानं पियानोवरच्या टॅब्लेटकडे बोट केलं.

पियानोवाल्यांनी हौसेनं दाखवलं. डोळे अधू झाल्यामुळे ते नोटेशन मोठं करून घेतात, एका वेळी स्क्रीनवर सोळाच बार मावतात. पुढचे सोळा बघायला खाली पायाशी एक काळं पेडल, बिनतारेचं. दाबलं की पान पुढे. पुन्हा दाबलं की त्यापुढचं.

मामा वाकला, गुडघ्यावर हात टेकून त्यानं ते पेडल पाहिलं. उभा राहायला त्याला माझा हात लागला. "म्हणजे मध्ये विश्रांती असली काय नि नसली काय," तो म्हणाला. पियानोवाले हसले. "विश्रांती अब घर पे," ते म्हणाले.

उत्तरार्धातलं सगळं सांगत बसत नाही. एक पाहुणी गायिका आली, तिनं एक गाजलेलं हिंदी गाणं संथ करून म्हटलं, लोकांनी मोबाइल वर धरले. सगळ्या संध्याकाळीत तेवढंच मला कॉफीच्या दुकानात नेणारं वाटलं. ड्रमवाल्यांची एकट्याची पाळी लांबली. मग सॅक्सोफोनवाल्यांनी माइकवर सांगितलं, की पुढची चाल माझीच आहे, पन्नास वर्षांपूर्वी केलेली, आणि आम्ही आज ती पहिल्यांदाच एकत्र वाजवतोय, दुपारी एकदा वाचली आहे. "सांभाळून घ्या," असं त्यांनी चक्क मराठीत म्हटलं. लोक हसले. मला वाटलं, ते आमच्याकडे बघून म्हणाले.

आपल्याकडे गवई तबलजीला हे म्हणतोच. बैठक सुरू व्हायच्या आधीचा तो शिष्टाचार आहे, पानसुपारीसारखा. त्यात सांभाळण्याची गरज पडेल असं दोघांनाही वाटत नसतं. मीही तो तसाच ऐकला.

चाल सुंदर होती. थोडी मांडो या कोंकणी गाण्यांच्या वळणाची, पण कडेकडेनं जाणारी. मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. मामाचे दोन्ही हात एकदा पुरे झाले. दुसऱ्या फेरीला सॅक्सोफोनवाल्यांनी एकट्यानं सुरुवात केली. तर्जनी, मधलं बोट. पहिले आठ संपले. मामाचा अंगठा उजव्या अनामिकेच्या खालच्या पेरावर गेला आणि तिथेच थांबला.

पियानो अंतऱ्यावर गेला होता. आठ बार आधीच.

हे मला मामाच्या हाताकडे बघून कळलं, कानानं नाही. त्याचा उजवा अंगठा अनामिकेवर अडकलेला आणि डावा हात मांडीवर अर्धवट उघडा, कुठल्या बोटावर जायचं ते न सुचल्यासारखा. मी वर पाहिलं. बेसवाल्यानं मान उचलली होती. त्यानं पियानोकडे पाहिलं नाही, सॅक्सोफोनकडे पाहिलं. त्याचा हात एका सुरावर दोन मात्रा थांबला. चालता बेस कधी थांबत नाही, तो थांबला. ड्रमवाल्यांनी झांजेवर एक हलकी टिचकी मारली, दाराची कडी वाजवावी तशी. आणि सॅक्सोफोनवाले जो सूर धरून होते, मुखड्यातला, तो त्यांनी सोडला नाही. तसाच धरला, जरा लांबवला, आणि त्याच्या टोकाशी अर्धा सूर खाली उतरले. उतरल्याबरोबर तो अंतऱ्याचा सूर झाला. बेस त्याच क्षणी पुढचं पाऊल टाकून मोकळा. पियानोवाल्यांचे हात एकदा कचरले, मग त्यांनाही कळलं असावं की सगळे इकडेच आलेत. हे सगळं दोन बारांत. सहा सेकंदसुद्धा नसतील. समोरच्या रांगेतला माणूस ग्लासातला बर्फ हलवत होता, तो हलवतच राहिला.

"आठ बार खाल्ले," मामा म्हणाला. मात्रा खाल्ली म्हणतात तसं. मग थोड्या वेळानं, "कट झाला असता."

त्याचा कट मला ठाऊक आहे. आमच्या घरी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की मी स्वतः तिथे होते असं वाटतं. साल १९७१ किंवा ७२. पहाटे चारपर्यंत लिहून मामा स्टुडिओत पोचलेला, व्हायोलाच्या पार्टात एक शार्प, म्हणजे सूर अर्ध्यानं चढवायची खूण, लिहायचा राहून गेलेला. तिसरी रिहर्सल नीट गेली कारण व्हायोला कोणाला ऐकूच येत नव्हत्या. टेकच्या वेळी माइक जवळ आले आणि बरोब्बर तो सूर कानात खडा लागावा तसा लागला. कट. साठ माणसं थांबली. काचेपलीकडून संगीतकारांचा आवाज आला, "किसने लिखा है?" मामा दाराजवळ उभा, हातातलं पेन घामानं ओलं. नाव सांगितलं तर पुढच्या गाण्याला दुसरा कॉपिस्ट. तेवढ्यात व्हायोलाच्या रांगेतल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसानं गज वर केला. "सॉरी सर. लिखा सही है, मैंने गलत पढ़ा." तीस वर्षं वाचत आलेला माणूस. संगीतकार काहीतरी लागेल असं बोलले, ते त्यानं ऐकून घेतलं, आणि खाली वाकून पेन्सिलीनं स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या पानावर तो शार्प घालून टाकला. पुढचा टेक ओके. त्या वर्षापासून त्याच्या घरी आमच्याकडून गणपतीत उकडीचे मोदक जात आणि नाताळात तिकडून नेवऱ्या येत. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं नेवऱ्या पाठवणं चालू ठेवलं आहे. आता कुरिअरनं येतात आणि निम्म्या मोडलेल्या असतात.

मला जॅझबद्दल जे काही कळलंय ते त्या सहा सेकंदांत आणि त्या खाली वाकलेल्या म्हाताऱ्यात मिळून आहे. उत्स्फूर्त, आयत्या वेळचं, मनाला येईल तसं, असे शब्द आपण या संगीताला लावतो आणि त्यातून कोणीतरी डोळे मिटून स्वतःतच रमलंय असं चित्र उभं राहतं. त्या चौघांनी सबंध संध्याकाळ डोळे मिटले नव्हते. वर्षानुवर्षं पानावरचं वाचून, दुसऱ्याच्या चुकीची चाहूल त्यांना चूक व्हायच्या आधी लागते. साठांच्या गर्दीत शेजाऱ्याचा गज अर्धं बोट उशिरा उठला तर आपला किती उशिरा उठवायचा, हे ज्यानं हजारदा केलंय, त्यानंच त्या सुरावर तसं थांबावं. पान काढून घेतल्यावर उरलं ते हे.

कार्यक्रम संपल्यावर पियानोवाले आपणहून मामाकडे आले. चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता. पायानं ठेका धरायची जुनी सवय, उजव्या पायाचा अंगठा. रंगात आल्यावर तो सरकत सरकत त्या काळ्या पेडलवर गेला आणि स्क्रीनवर अंतरा आला. समोर दिसलं ते वाजवलं. "पान पलटलं आणि मी गेलो," ते म्हणाले.

मामाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो मी त्याच्या साठीशांतीलाही पाहिला नव्हता. त्यानं काही टोमणा मारला नाही. फक्त विचारलं, "ठेक्याच्या पायाखाली उलटायची जागा कोणी ठेवली?" आणि मग दोघं जण पेडल डावीकडे किती सरकवावं यावर चर्चा करू लागले. हॉलवाल्यानं दिवे मालवायला सुरुवात केली तरी चालूच. शेवटी बेसवाल्यानं पेडल उचलून आपल्या खोळीत टाकलं आणि "कल देखेंगे अंकल" म्हणून विषय मिटवला.

दहा बावन्नची डोंबिवली मिळाली. खिडकी मिळाली. मामा साडेसातनंतर जेवत नाही, पण स्टेशनवरचा वडापाव त्यानं खाल्ला, अर्धा मला देऊन. भायखळ्यापर्यंत गप्प. दादरला गाडी भरली, एका माणसाची बॅग त्याच्या गुडघ्याला लागली, त्यानं गुडघा आत घेतला. कुर्ल्याला त्यानं माझ्याकडे वळून विचारलं,

"पण मग ते आठ बार त्यांनी परत दिले का?"

"कुठे?"

"पुढे. ड्रमवाल्याबरोबर चार-चार बार झाले, मग शेवटी चाल परत घेतली. तिथे भरून काढले, की गेले ते गेलेच?"

"मला काय माहीत, मामा? मोजतोस तू."

तो काही बोलला नाही. घाटकोपर गेलं. मांडीवरचे दोन्ही हात त्यानं उलटे करून पाहिले, जणू उत्तर तळव्यावर कुठेतरी असेल.

"मोजायचंच राहिलं," तो म्हणाला, आणि थेट डोंबिवलीपर्यंत स्वतःवर चिडून बसला.